अकरा वेळा सावधान

ऑफिसातले किस्से टेबलाच्या खालच्या खणातल्या रबरबँडसारखे असतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. एक हवा असेल तेव्हा सापडत नाही, आणि प्रिंटरची रिबन शोधायला खण ओढला की सगळा गुंता एकदम हातात येतो. आमच्या अंधेरीच्या ऑफिसातला असाच एक गुंता आज सोडवायला बसले आहे. सुटेल असं वाटत नाही, कारण यातल्या निम्म्या गोष्टी माझ्या मलाच अजून कळलेल्या नाहीत!

मी अमेरिकेतून शिकून परत आले त्याला दीड वर्ष झालं. "परत का आलीस?" हा प्रश्न मला विमानतळापासून विचारला जातोय. माझं उत्तर ठरलेलं असे. या देशाला स्वतःचे संगणक हवेत, ते चालवणारी माणसं हवीत, वगैरे वगैरे, साधारण दहा मिनिटं. पहिल्या दिवशी हे सगळं मी ऑफिसात उभी राहून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग आमचे ऑपरेटर परबकाका म्हणाले, "ता सगळा ठीक आसा. पण गो बाय, तिकडे मासे गावत होते काय?"

ऑफिस म्हणजे औद्योगिक वसाहतीतला तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. शेजारी चष्म्याच्या फ्रेमी बनवायचा कारखाना. आमच्या गाळ्यात चार माणसं महत्त्वाची. साहेब म्हणजे देवस्थळी सर, पार्ल्याचे, अत्यंत सज्जन, आणि संगणकाशी त्यांचा संबंध फक्त आकड्यांपुरता. ज्योती तांडेल, वेसाव्याची, माझ्याच वयाची, आमच्यातली सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर आणि जिभेला हाड नाही. परबकाका, आधी गिरणीच्या टाइम ऑफिसात होते, गिरणी बंद पडल्यावर इथे आले, आणि सहा वर्षं झाली तरी अजून 'टेंपररी'. आणि मी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण सगळी धावपळ तिच्यासाठीच होती. मुलुंडचं एक इस्पितळ आमचं यंत्र घेणार होतं, आणि यंत्राबरोबर एक ऑपरेटरही, कायमच्या नोकरीवर. परबकाका राहायला मुलुंडलाच. वय चव्वेचाळीस. इस्पितळाची अट पंचेचाळीसच्या आत. म्हणजे या वर्षी झालं तर झालं, नाही तर कधीच नाही. फक्त इस्पितळाचे सल्लागार महिन्याभराने येऊन यंत्र तपासणार होते, आणि यंत्र आणि ऑपरेटर दोघांना एकदमच पास किंवा नापास करणार होते.

"यंत्र सुरक्षित पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं आहे," देवस्थळी सर म्हणाले.

"सर, माझ्यावर सोडा!" मी म्हणाले. वाट लागायला सुरुवात झाली ती इथून.

* * *

आमचं यंत्र युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालतं. युनिक्समध्ये तुम्ही एक शब्द टाइप केलात की यंत्र त्या नावाचा प्रोग्राम शोधायला निघतं. कुठे कुठे शोधायचं याची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. यंत्र यादीतल्या डिरेक्टऱ्या, म्हणजे फायली ठेवायचे कप्पे, एकेक करून उघडतं, आणि त्या नावाचा जो पहिला सापडेल तो चालवतं. चौकशी नाही, ओळखपत्र नाही.

आता 'रूट' नावाचं एक खातं असतं, यंत्राच्या मालकाचं. रूट काहीही करू शकतो, सगळं पुसूनही टाकू शकतो. रूटच्या यादीत जर अशी एखादी डिरेक्टरी असेल की जिच्यात येणारा-जाणारा कोणीही काहीही ठेवून जाऊ शकतो, तर मालकाच्या हातून कोणीही काहीही करवून घेऊ शकतो!

हे मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. शेवटी टाळ्यांची वाट बघत थांबले.

परबकाका म्हणाले, "मगे? जो पयलो गावलो तो आपलो. नोकरी अशीच गावता."

* * *

मी एक प्रोग्राम लिहिला. नाव 'पहारा'. सकाळी रूट म्हणून आत शिरायचं आणि पहारा चालवायचा. तो रूटची यादी तपासतो आणि जिथे धोका असेल तिथे एक ओळ छापतो. भारतीय यंत्राने भारतीय भाषेतच बोललं पाहिजे, हा माझा आग्रह. म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, रोमन लिपीत का होईना, 'सावधान' असं यायचं.

पहिल्याच सकाळी अकरा ओळी आल्या. अकरा वेळा सावधान!

ज्योती कागद बघून म्हणाली, "मेधा, इंग्रजीत वॉर्निंग आली की आपण दुर्लक्ष तरी करतो ना. हे वाचून आई ओरडत्येय असं वाटतं!"

दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी अकरा. परबकाका रोजचा कागद पंच करून फायलीला लावत. चौथ्या दिवशी देवस्थळी सरांनी फाइल मागवली, चष्मा लावून सगळे कागद उलटेपालटे केले, आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"काल अकरा, आज अकरा. म्हणजे तब्येत स्थिर आहे!"

* * *

अकरांपैकी सगळ्यात मोठा धोका म्हणजे 'सर्व' नावाची डिरेक्टरी. ती आमच्या ऑफिसची जुनी पद्धत. कोणी काही उपयोगी प्रोग्राम लिहिला की 'सर्व'मध्ये टाकायचा, ज्याला पाहिजे त्याने वापरायचा, पाहिजे तर सुधारायचा. वाचायला सगळ्यांना खुली, लिहायला सगळ्यांना खुली. आणि ती रूटच्या यादीत होती. यादीत म्हणजे पहिल्या नंबरावर!

मी म्हणाले, ही बंद करायची.

ऑफिसात शोककळा पसरली. ज्योती तर भांडायलाच आली. "अगं, आमच्याकडे बोंबील उघड्यावरच वाळतात. कपाटात ठेवले तर कुजतील!"

"आणि मांजर नेतं त्याचं काय?"

"एखादा नेतं. म्हणून काय मांजराला पासवर्ड मागायचा?"

मी फळ्याकडे वळणार, तेवढ्यात ती निघून गेली. दुपारी मी रूट म्हणून काम करत होते. फायलींची यादी बघायची म्हणून नेहमीची दोन अक्षरं टाइप केली. यादी आली. तिच्याखाली आणखी एक ओळ आली.

'चहा झाला का?'

मी दचकून हातच वर घेतले. तिने त्याच नावाचा स्वतःचा प्रोग्राम लिहून 'सर्व'मध्ये ठेवला होता, आणि यंत्राने पहिला सापडला तो चालवला होता. अगदी मी फळ्यावर काढलं होतं तसं!

"ज्योती!" मी ओरडले. "तुला कळतंय का, या क्षणी तू रूटच्या हातून काहीही करू शकली असतीस! सगळं यंत्र पुसू शकली असतीस!"

"हो," ती शांतपणे म्हणाली. "पण मी चहाच विचारला ना?"

* * *

शेवटी मी 'सर्व' रूटच्या यादीतून काढलीच. आणखीही बरंच काढलं. पहारा चालवला. शून्य! मी अभिमानाने परबकाकांना बोलावलं. "काका, आता तुम्ही बघा."

ते आपल्या टर्मिनलवर बसले, आत शिरले, पहारा चालवला. पाच.

मी माझ्याकडे परत चालवला. शून्य. त्यांच्याकडे परत चालवला. पाच. यंत्र एक, रूट एक, पहारा एक. आम्ही जागा बदलून बघितल्या. मी त्यांच्या टर्मिनलवर, शून्य. ते माझ्या टर्मिनलवर, पाच!

"तुझ्या हातात काहीतरी आहे," ज्योती म्हणाली.

तीन दिवसांनी कळलं. मी थेट रूट म्हणून आत जात होते. काका आधी परब म्हणून आत जायचे आणि मग आतल्या आत रूट व्हायचे. तसं केलं की आमच्या यंत्रावर माणूस रूट होतो खरा, पण यादी आपली जुनीच बरोबर घेऊन येतो. परबांची यादी लांबलचक होती, कारण सहा वर्षांत ज्याने ज्याने जे सुचवलं ते त्यांनी तिच्यात घातलं होतं. नाही म्हणायची त्यांना सवयच नाही. मी बसून तीही साफ करून दिली.

पण कळायच्या आधी, पहिल्याच संध्याकाळी, देवस्थळी सरांना इस्पितळाला फोनवर आकडा कळवायचा होता. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"तुझे शून्य. परब, तुमचे पाच. बरोबर?"

"हो सर."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मग अडीच सांगतो."

* * *

रूटच्या यादीत आणखी एक वाईट सवय होती, ती पकडायला मी पहाऱ्याला नंतर शिकवलं. 'जिथे उभा आहेस तिथेही शोध' असं तिच्यात लिहिलेलं होतं. हे लिहायला फक्त एक टिंब लागतं. टिंब धोकादायक, कारण रूट चुकून दुसऱ्या कोणाच्या डिरेक्टरीत उभा असला की तिथलं काहीही उचलेल. मी टिंब खोडलं.

दुसऱ्या दिवशी देवस्थळी सर जवळजवळ धावत आले. "मेधा, कमाल केलीस! रोज चारला बॅकअप सुरू होतो तो पाऊण तास चालतो. काल दोन सेकंदांत झाला! परब, सांगा हिला!"

"दोन सेकंद," परबकाका भारावून म्हणाले. "टेप नीट फिरूकच नाय, आणि झाला!"

मला काही कळेना, पण स्तुती कोणाला नको असते? मी म्हणाले की यादी स्वच्छ असली की यंत्राला शोधायला कमी वेळ लागतो. हे खोटं नव्हतं. सरांनी त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला टेप दाखवून सांगितलं, "पाऊण तासाचं काम दोन सेकंदांत! आमची मुलगी अमेरिकेत शिकली आहे."

गिऱ्हाईक गेल्यावर ज्योतीने टेप लावून बघितली. कोरी. बॅकअपचा प्रोग्राम आपल्या मदतीला शेजारचाच एक प्रोग्राम बोलवायचा. टिंब खोडल्यावर तो शेजारी त्याला दिसेनासा झाला, आणि ही तक्रार तो एका फायलीत लिहून ठेवत होता. ती फाइल आजवर कोणी उघडलेली नव्हती.

मी डोकं धरून बसले. ज्योती मात्र खरोखर विचारात पडली होती.

"एक सांग," ती म्हणाली. "काहीच करायचं नव्हतं, तर दोन सेकंद तरी कशाला लागले?"

* * *

टिंब गेलं, पण त्याचा इशारा जाईना! रोज सकाळी एक ओळ: सावधान, रूट जिथे उभा आहे तिथेही शोधतोय.

मी यादी डोळ्यांत तेल घालून बघितली. टिंब नाही. छापून घेतली. टिंब नाही. ज्योतीकडून मोठ्याने वाचून घेतली. चार दिवस गेले. तपासणी आठवड्यावर आली होती. परबकाकांच्या बायकोने मुलुंडच्या देवीला काहीतरी बोलून ठेवलंय हे मला कळलं होतं, त्यामुळे झोपही उडाली होती. शेवटी मी काकांनाच यादी दाखवली. यादीत दोन डिरेक्टऱ्यांच्या मध्ये विसर्गासारखं चिन्ह असतं. बॅकअपसाठी मी टिंब परत घातलं होतं, आणि बॅकअप दुरुस्त झाल्यावर ते दुसऱ्यांदा खोडताना शेवटचं चिन्ह तसंच ठेवलं होतं. त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

काकांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हय काय आसा?"

"काही नाही काका. रिकामं आहे."

"पाकिटार पत्तोच नसलो तर पोस्टमन पत्र खंय नेतलो?"

"कुठे नेणार? त्याच्याकडेच राहील."

"मगे?" काका म्हणाले.

मी पुस्तक काढलं. पानामागून पान उलटलं. आणि खरंच लिहिलेलं होतं: जागा रिकामी असेल, तर 'जिथे उभा आहेस तिथे' असं समजावं! दोन पदव्या घेतलेली मी चार दिवस टिंब शोधत होते, आणि या माणसाने ते पोस्टमनच्या पिशवीतून काढून दिलं.

मी ते एक चिन्ह खोडलं. इशारा गेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा देवस्थळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की परबकाकांसारखा ऑपरेटर इस्पितळाला अमेरिकेतही मिळणार नाही.

सर म्हणाले, "ते मला माहीत आहे गं. कागदावर कसं दाखवायचं ते सांग."

* * *

तपासणीचा दिवस. इस्पितळाचे सल्लागार म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले कमांडर साळवी. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि खोलीत आल्याबरोबर आधी खिडक्या मोजणारा माणूस. त्यांच्या हातात छापील फॉर्म होता. वर यंत्राचं नाव, खाली ऑपरेटरचं नाव लिहायची रिकामी जागा.

परबकाका नवा शर्ट घालून आले होते. घडीच्या रेघा दिसत होत्या. ते टर्मिनलवर बसले, एका बोटाने टाइप करत आत शिरले, रूट झाले, पहारा चालवला. प्रिंटर एकदाच करकरला.

इशारे: शून्य.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. महिन्याभराचं काम! देवस्थळी सरांनी तर हात पुढे करून ठेवला होता, शेकहँडसाठी.

कमांडरसाहेबांनी तो घेतला नाही. "किती दिवस शून्य येतंय?"

"आठवडाभर, सर!" मी म्हणाले.

"जहाजावर आगीची घंटा आठवडाभर वाजली नाही, तर मी काय करतो माहीत आहे? आधी ती वाजवायला लावतो." त्यांनी खुर्ची ओढली. "वाजवून दाखवा."

महिनाभर आम्ही इशारे काढत होतो. आता एक आणायचा होता. सोपं काम! ज्योतीने 'सर्व' पुन्हा रूटच्या यादीत पहिल्या नंबरावर घातली. पहारा चालवला. शून्य. तिने ती काढली. मी माझ्या हाताने टिंब घातलं. शून्य. काढलं. देवस्थळी सरांनी सुचवलं म्हणून यादीत एक अस्तित्वातच नसलेली डिरेक्टरी घातली. शून्य. तीही काढली.

"अगं, तो ऐकत कसा नाही?" सर माझ्या कानात म्हणाले.

"मलाच कळत नाहीये सर!"

कमांडरसाहेबांचा दुसरा चहा संपला. त्यांनी फॉर्म घडी करायला घेतला. परबकाका टर्मिनलसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते, कोणाकडेच न बघता.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या आठवड्यात मी पहाऱ्याला आणखी सुरक्षित करायला गेले होते. त्याच्या अगदी सुरुवातीला एक ओळ घातली होती: काम सुरू करण्याआधी स्वतःची यादी स्वच्छ करून घे. पुस्तकात तसंच करा म्हणून लिहिलंय! तो इमानदारीने स्वतःची यादी स्वच्छ करत होता, आणि मग तीच तपासत होता. दारं सोडून पहारेकरी आठवडाभर स्वतःचाच खिसा चाचपत होता.

बोलावं की नाही? बोलले तर यंत्र नापास, आणि यंत्राबरोबर काका. ज्योतीला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तिने मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते मला अजून माहीत नाही.

"सर," मी म्हणाले, "हे शून्य खोटं आहे. चूक माझी आहे, परबकाकांची नाही." आणि सगळं सांगितलं.

देवस्थळी सर खाली बसले. कमांडरसाहेब बसलेले होते ते उठले. "दुरुस्त करायला किती वेळ?"

"एक ओळ खोडायची आहे."

"मग खोडा."

मी खोडली. परबकाका बाहेर पडले, परत आत शिरले, एका बोटाने नेहमीपेक्षा दोन ओळी जास्त टाइप करून रूट झाले, पहारा चालवला. आम्ही घातलेलं सगळं आम्ही काढलेलं होतं. यादी स्वच्छ होती, मी शपथेवर सांगते.

प्रिंटर दोनदा करकरला.

इशारे: एक. सावधान, डिरेक्टरी 'परब', कोणालाही लिहिण्यास खुली.

ही ओळ आमच्यापैकी कोणीही आजवर बघितलेली नव्हती. देवस्थळी सरांनी डोळे मिटून घेतले. कमांडरसाहेबांनी कागद फाडून घेतला, चष्मा लावून वाचला.

"ही कोणाची?"

"माझी, साहेब," परबकाका म्हणाले.

"काय आहे तिच्यात?"

"काय नाय साहेब. रिकामी आसा."

"रिकामी? मग रूटच्या यादीत काय करतेय? काढून टाका."

परबकाकांनी बोट की-बोर्डवर नेलं आणि तिथेच थांबवलं.

"काढतंय, साहेब. पण मगे तुमका परत शून्यच दिसतला."

कमांडरसाहेबांनी हातातला कागद परत एकदा वाचला. मग त्यांनी घडी केलेला फॉर्म टेबलावर उलगडला, तळहाताने सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव सांगा."